गंगेवर काय आहे बघण्यासारखं?

नाशिककराच्या तोंडी 'गोदावरी' हा शब्द भाषणात येतो, नाहीतर शाळेच्या निबंधात. एरवी ती गंगा. भाजी आणायला गंगेवर, दिवे सोडायला गंगेवर, व्याख्यान ऐकायला गंगेवर, रुसून घरातून निघालेला माणूस सापडतो तोही गंगेवर, आणि शेवटी सगळ्यांनाच एकदा नेतात तेही गंगेवरच. मी मूळची अकोल्याची. आमच्याकडे मोर्णा. तिला कुणी प्रेमानं गंगा म्हटल्याचं मला आठवत नाही, बिचारीला! त्यामुळे १९९६ साली लग्न होऊन पंचवटीत आले तेव्हा हा 'गंगेवर' शब्द कळायलाच मला महिनाभर लागला. मला वाटायचं, या माणसांना काय रोज काशीयात्रा घडते की काय!

आता हे सगळं लिहायचं कारण म्हणजे पाहुणे. आमच्याकडे सुट्टी लागली की पाहुणे येतात (तुमच्यापैकी बरेच जण आहातच त्यात, हसू नका). त्यांचा बेत ठरलेला असतो. एक दिवस त्र्यंबकेश्वर, एक दिवस वणी, एक दिवस शिर्डी, एक सकाळ मिसळीसाठी राखीव, आणि हल्ली एक संध्याकाळ द्राक्षाच्या मळ्यात. गंगा मात्र पुलावरून जाताना गाडीच्या काचेतून बघायची. मागच्या मे महिन्यात बंगलोरचा भाचा आला होता. तो म्हणाला, "मावशी, अहमदाबादला साबरमतीवर कसला भारी रिव्हरफ्रंट केलाय. तुमच्याकडे तसं काही आहे का? नाहीतर तिथे बघण्यासारखं काय आहे, घाणच ना?"

मी तेव्हा त्याला आमरस वाढला आणि गप्प बसले. पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. आमच्याकडे तसा रिव्हरफ्रंट नाही हे खरं. मग आहे काय? म्हटलं, बसून लिहूनच काढावं. पुढच्या वेळी येणाऱ्यांना उपयोगी पडेल आणि माझंही मला कळेल.

तर मंडळी, पहिली गोष्ट. गंगेवर जायचं तर सकाळी सहाला, नाहीतर संध्याकाळी पाचनंतर. भर दुपारी दगड असे तापतात की अनवाणी चालवत नाही, आणि तिथे दर दहा पावलांवर एक देऊळ असल्यानं चपला सारख्या काढाव्या लागतात. तेव्हा बुटांच्या नाड्या बांधून येऊ नका. अमावास्या, सोमवती, श्रावणी सोमवार हे दिवस टाळा. गर्दीच बघायची असेल तर मात्र नेमके तेच दिवस निवडा.

सुरुवात होळकर पुलापासून करावी. हा इंग्रजांच्या काळातला व्हिक्टोरिया पूल. आता त्याचं नाव अहिल्यादेवी होळकर पूल, आणि ते जास्त शोभतं. पुलावर मधोमध उभं राहून खाली बघितलं की गाव कळतं. उजव्या काठाला जुनं नाशिक, म्हणजे वाडे, पेठा, सराफ बाजार. डाव्या काठाला पंचवटी, म्हणजे देवळं आणि धर्मशाळा. मधे नदी. पाहुण्यांना वाटतं नदीनं गाव दोन भागात तोडलंय. आमच्या सासूबाई उलट सांगायच्या. "नदीनं गाव शिवलंय गं," म्हणायच्या. पलीकडच्या काठावर त्यांचं माहेर होतं, त्यांचा अनुभव तसाच असणार.

पुलावरून उतरून थोडं चाललं की रामकुंड. १६९६ साली खटावच्या चित्रराव खटावकरांनी हे कुंड बांधलं, पुढे पेशव्यांच्या घरातल्या गोपिकाबाईंनी ते दुरुस्त केलं. इथे नदी वळून दक्षिणेकडे वाहते, आणि दक्षिणवाहिनी नदीचं माहात्म्य मोठं. शिवाय अरुणा नावाची एक छोटी नदी इथे गोदावरीला मिळते. ती आता दिसत नाही. गावाच्या पोटातून कुठून तरी येते. कुंडाच्या एका कोपऱ्यात अस्थिविलय तीर्थ आहे. तिथे टाकलेल्या अस्थी पाण्यात विरघळून जातात अशी श्रद्धा. १९४८ मध्ये गांधीजींच्या अस्थींचा काही भाग इथे विसर्जित झाला. बाजूच्या गांधी तलावाचं नाव त्यावरून.

रामकुंडावर देवदर्शनाशिवाय एक काम जरूर करा, आणि ते फुकट आहे. (दक्षिणा द्या हो, पण मागितल्याशिवाय!) आपलं आडनाव आणि मूळ गाव सांगून आपल्या घराण्याचे तीर्थोपाध्याय कोण ते विचारा. त्यांच्याकडे लांबट वह्या असतात, कापडात बांधलेल्या. तुमच्या घरातलं कोण, कधी, कशासाठी नाशिकला आलं होतं याची नोंद त्यात सापडते. माझे मामा अकोल्याहून आले होते तेव्हा असेच बसलो होतो. गुरुजींनी तासभर पानं उलटली आणि एका पानावर बोट ठेवलं. मामांच्या आजोबांची सही, मोडीत. मामांना मोडी येत नाही. पण त्या वाकड्यातिकड्या अक्षरावरून त्यांनी असा हात फिरवला जसा काही आजोबांच्या पाठीवरून फिरवताहेत. मग खिशातलं पेन काढून त्यांनी स्वतःचं नाव खाली लिहिलं, आणि माझ्या मुलाचंही लिहायला लावलं. संगणकावर वंशावळ करणाऱ्यांनी एकदा हे बघावं.

कुंडासमोरच्या पायऱ्या चढून गेलं की कपालेश्वर. शंकराचं देऊळ, पण समोर नंदी नाही. शंकराच्या हातून ब्रह्महत्या घडली, ती कशी फिटेल हे त्याला नंदीनं सांगितलं, रामकुंडात स्नान कर म्हणून. मग शंकरानं नंदीला गुरू मानलं, आणि गुरूला समोर कसं बसवायचं? म्हणून नंदी नाही. मला ही गोष्ट फार आवडते. ज्यानं वाट दाखवली त्याला पायाशी बसवायचं नाही, एवढी रीत देवाला कळली.

तिथून पाच-सात मिनिटांवर काळाराम. सरदार ओढेकरांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेलं काळ्या दगडाचं देऊळ. नक्षी बघाच, पण दाराशी थांबून एक तारीखही आठवा. २ मार्च १९३०. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसं या दारात आली, ज्यांना आत प्रवेश नव्हता. दादासाहेब गायकवाड त्या लढ्याचे खंदे कार्यकर्ते. दारं बंद होती. तेव्हा मिरवणूक तिथून वळली आणि गंगेच्या घाटावर गेली, आणि घाटावर सभा झाली. पुढे हा सत्याग्रह काही वर्षं चालला. देऊळ बंद होतं तेव्हा माणसांना बसायला जागा दिली ती घाटानं. मुलांना घेऊन गेलात तर देवळाच्या खांबांपेक्षा आधी हे सांगा.

आता परत नदीपात्रात या. तिथे आमचा सगळ्यात लाडका देव उभा आहे, दुतोंड्या मारुती. भर पात्रात उभा, एक तोंड इकडे आणि एक तोंड तिकडे. पाहुण्यांना गंमत वाटते, फोटो काढतात. पण पावसाळ्यात हा मारुती देव कमी आणि मोजपट्टी जास्त असतो. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की किती क्युसेक सोडलं ते बातमीत येतं, पण क्युसेक कुणाला कळतो? घराघरात एकच प्रश्न, "मारुतीला कुठवर आलं?" पायाला लागलं, तर छत्री घेऊन बघायला जायचं. गुडघ्याला आलं, तर टपऱ्या हलवायच्या. कमरेला, तर भांडी बाजारातले दुकानदार खालच्या फळीवरचा माल वरच्या फळीवर चढवतात. छातीला, तर माळ्यावर. आणि मारुती बुडाला, तर सराफ बाजाराकडे पाणी निघालंच समजा.

२००८ च्या सप्टेंबरात आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये मी मारुती बुडालेला बघितलाय. २०१९ ला आम्ही दोघं पुलापर्यंत जाऊन आलो. पाणी चहाच्या रंगाचं, आणि आवाज असा की शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत होतं. सासूबाईंनी घरी आल्यावर विचारलं, "नारोशंकराच्या घंटेला लागलं का?" नाही म्हटल्यावर त्या निवांत झाल्या. त्यांचं माप १९६९ च्या पुराचं होतं. त्या पुरात पाणी घंटेपर्यंत चढलं होतं असं त्या सांगत. त्यांच्या लेखी त्याच्या खालचे सगळे पूर किरकोळ.

ही नारोशंकराची घंटाही बघण्यासारखी आहे. नारोशंकर राजेबहाद्दरांनी १७४७ मध्ये काठावर रामेश्वराचं देऊळ बांधलं. त्याच्या तटावर दाराशी ही प्रचंड घंटा टांगलेली आहे. घंटा मूळची पोर्तुगीजांची. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली त्या विजयाची ही खूण मानतात. घंटेवर साल आहे १७२१. चर्चची घंटा शंकराच्या दारी येऊन नाशिकच्या पुराची खूण झाली. वस्तूंचं प्राक्तनही काय असतं नाही?

देवळं बघून पोट भरत नाही, तेव्हा आता बाजार. बुधवारी आलात तर गंगेवरचा बुधवारचा बाजार चुकवू नका. आजूबाजूच्या खेड्यांतून माणसं येतात. गाजर, मेथी, कांद्याची पात, सुकी मिरची, खराटे, पाटे-वरवंटे, विळ्यांना धार लावून देणारे. द्राक्षांच्या दिवसात द्राक्षं. काठाला लागूनच भांडी बाजार. तांब्या-पितळेच्या भांड्यांचा ठणठणाट ऐकत चालावं. माझ्या घरातला पाणी तापवायचा बंब तिथलाच. भूक लागली तर भेळभत्ता घ्या कागदाच्या पुडीत आणि पायरीवर बसून खा. पुडी मात्र खिशात ठेवा. नदीत टाकलेली प्रत्येक पुडी 'माझ्या एकट्याच्या पुडीनं काय होतंय' असं म्हणूनच टाकलेली असते.

संध्याकाळचं म्हणाल तर आता रोज गोदा आरती असते, तिला गर्दी होते. मला स्वतःला मे महिन्यातली वसंत व्याख्यानमाला जास्त जवळची. देवमामलेदार यशवंतराव महाराजांच्या पटांगणावर, नदीच्या अगदी कडेला, महिनाभर रोज संध्याकाळी व्याख्यान. शंभर वर्षं होऊन गेली या प्रथेला. तिकीट नाही. हवा गार, समोर नदी, आणि कुणीतरी अर्थशास्त्रावर नाहीतर तुकारामावर बोलतंय. निम्मे लोक ऐकायला येतात, निम्मे वाऱ्याला येतात, आणि वाऱ्याला आलेलेही चार शब्द घेऊन जातात. ज्यांच्या नावाचं हे पटांगण ते देवमामलेदार कोण हेही सांगते. सटाण्याचे मामलेदार. १८७०-७१ च्या दुष्काळात त्यांनी सरकारी खजिना भुकेल्या माणसांसाठी उघडला. लोकांनी त्यांना देव केलं. सरकारी नोकरानं देव होण्याचा दुसरा मार्ग निदान मला तरी माहीत नाही.

आणि रंगपंचमीला आलात तर रहाड बघा. हे फक्त नाशिकचं. जुन्या गावात आणि पंचवटीत जमिनीखाली दगडी बांधणीचे हौद आहेत, पेशवाईच्या काळापासूनचे. वर्षभर ते बुजवलेले असतात, वरून रस्ता जातो, गाड्या जातात. रंगपंचमी आली की माती काढून हौद उघडतात, पूजा करतात, रंगानं भरतात, आणि मग लोक त्यात उड्या मारतात. त्या उडीला धप्पा म्हणतात. शनि चौकाची, तिवंध्याची, दिल्ली दरवाजाची अशा रहाडी प्रसिद्ध. सण झाला की पुन्हा बुजवून टाकतात.

रहाडीचं मी मुद्दाम शेवटी सांगितलं. कारण खाली काहीतरी आहे, वर रस्ता आहे, आणि खाली काय आहे हे गावाला पक्कं ठाऊक आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. नदीच्या बाबतीत आम्ही तेच विसरत चाललो आहोत.

मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई मला पहाटे गंगेवर घेऊन जायच्या. रामकुंडाच्या आसपास ओळीनं कुंडं होती. दगडी बांधणीची, एकाचं पाणी दुसऱ्यात झुळझुळत जायचं. त्या मला नावं सांगायच्या, नव्या सुनेला घरातले नातेवाईक ओळखून द्यावेत तशी. हे लक्ष्मणकुंड, हे धनुष्यकुंड, हे सीताकुंड, हे अहिल्याकुंड, हे शारंगपाणी. दुसऱ्या दिवशी उलटतपासणी! एकात म्हणे बारा महिने आतून झरे यायचे. त्यांची दोन्ही मुलं, म्हणजे आमचे हे आणि धाकटे भाऊजी, तिथेच पोहायला शिकली, कमरेला पत्र्याचा डबा बांधून.

मग २००३ चा सिंहस्थ आला. गर्दीला उभं राहायला जागा हवी म्हणून त्या तयारीत पात्रात काँक्रीट ओतलं गेलं. कुंडं त्याच्याखाली गेली. सपाट, स्वच्छ, गाडी फिरवता येईल असा तळ झाला. गावातल्या काही लोकांनी पुढे जुने नकाशे, गॅझेटियर काढून ही कुंडं कुठे कुठे होती ते मांडलं. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि नंतर काही ठिकाणचं काँक्रीट काढायला सुरुवातही झाली. काम पुढे सरकतं, अडतं, पुन्हा सरकतं.

गर्दीची भीती खोटी नाही, हेही सांगायला हवं. २७ ऑगस्ट २००३ ला शाही स्नानाच्या दिवशी चेंगराचेंगरीत तीसहून जास्त माणसं गेली. त्या दिवसाच्या रुग्णवाहिकांचा आवाज आमच्या गल्लीत सगळ्यांना आठवतो. पण ती माणसं गेली ती रामकुंडाकडे उतरणाऱ्या अरुंद रस्त्यावर. पात्रात नव्हे. तळ सपाट केल्यानं गल्ली रुंद होत नाही. २०१५ ला खालच्या अंगाला तपोवनापासून पुढे नवे घाट बांधून गर्दी वाटून दिली, तेव्हा खरा फरक पडला.

आणि काँक्रीटची किंमत २०१६ ला कळली. त्या उन्हाळ्यात रामकुंड कोरडं पडलं. शब्दशः कोरडं. टँकरनं पाणी आणून कुंड भरलं, कारण लोक स्नानाला आणि अस्थी घेऊन येतच होते. सासूबाई त्या दिवशी काठावरून बघून परत आल्या आणि दिवसभर बोलल्या नाहीत. रात्री एवढंच म्हणाल्या, "झऱ्यांना वर यायला वाटच ठेवली नाही." झरे उघडे असते तर कुंडात पाणी राहिलं असतं की नाही हे जाणकारांनी सांगावं. पण कुंडं बांधणाऱ्यांनी ती झऱ्यांवर बांधली होती ती उगीच नसणार. धरण वर आल्यापासून नदीत पाणी कधी यायचं ते दरवाजे ठरवतात. झरे कुणाच्या आदेशाची वाट बघत नाहीत, एवढं तर माझ्यासारखीलाही कळतं.

सासूबाई २०२२ च्या डिसेंबरात गेल्या. तिसऱ्या दिवशी प्रश्न आला, अस्थी कुठे? धाकटे भाऊजी पुण्याहून आले होते. ते घाटावर जाऊन आले आणि म्हणाले, "वहिनी, हे पाणी बघवत नाही. पाणवेली काय, फेस काय. आईला यात नाही सोडायचं. वर त्र्यंबकला जाऊ, नाहीतर दुसरीकडे कुठेतरी स्वच्छ पाण्यात." आमचे हे गप्प. दोघांचंही बरोबर होतं. भाऊजींचं चुकलं असं मला आजही वाटत नाही. आपल्या माणसाला घाण पाण्यात सोडवत नाही, यात कसली आलीय चूक?

मी म्हटलं, "भाऊजी, आई रोज जिथे जात होत्या तिथेच सोडा असं मला स्वतः म्हणाल्या होत्या. पाणी कसं आहे ते त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत होतं." एवढ्यावर विषय संपला. सकाळी लवकर गेलो. विधी झाला. भाऊजी बराच वेळ पाण्यात उभे होते. वर आल्यावर काँक्रीटच्या सपाट तळाकडे बघत म्हणाले, "मी पोहायला शिकलो ते कुंड नेमकं कुठं होतं हो वहिनी?" त्यांना नाव आठवेना. आणि मी, अकोल्याची, त्यांना बोटानं दाखवत गेले. तिथं लक्ष्मणकुंड, मग धनुष्यकुंड, मग सीताकुंड, ते अहिल्याकुंड, ते शारंगपाणी. ते ऐकत होते. मग हळूच म्हणाले, "लिहून ठेवा हे."

म्हणजे बघा, नदीकाठचं जे बघण्यासारखं आहे त्यातलं निम्मं आता दिसत नाही, सांगावं लागतं. आणि सांगणारी माणसं एकेक करून जाताहेत.

असो. वाट अजून थोडी राहिलीय. वेळ असेल तर काठाकाठानं तपोवनापर्यंत जा. तिथे कपिलेचा संगम आहे. लक्ष्मणानं शूर्पणखेचं नाक कापलं ते इथेच, आणि नासिका म्हणून नाशिक, अशी कथा. तिथं मोठी झाडं आहेत. २०२५ च्या नोव्हेंबरात त्यातली बरीच झाडं साधुग्रामसाठी तोडायचा प्रस्ताव आला तेव्हा गाव खवळून उठलं. झाडांना मिठ्या मारून उभी राहिलेली माणसं बघून मला बरं वाटलं. वाटलं, कुंडांच्या वेळी हे व्हायला हवं होतं. पण तेव्हा काय जातंय हे कळायच्या आतच ते गेलं होतं. झाड तोडताना आवाज होतो. झरा बुजताना होत नाही.

२०२७ च्या स्नानांना लाखो माणसं येणार. येऊ देत. आमच्याकडचं गंगेचं देऊळसुद्धा बारा वर्षांतून एकदा, सिंहस्थातच उघडतं. पाहुणा आला की घर नीट करावंच लागतं. पण पाहुण्याला बसायला जागा हवी म्हणून कुणी घरातली विहीर बुजवत नाही. बारा वर्षांतलं एक वर्ष पाहुण्यांचं, उरलेली अकरा वर्षं बुधवारच्या बाजारवाल्यांची, भांडी बाजाराची, वाऱ्याला येणाऱ्या म्हाताऱ्यांची, पत्र्याचा डबा बांधून पोहायला शिकणाऱ्या पोरांची. काठ बांधताना हा हिशेब कुणीतरी मांडावा, एवढंच म्हणणं.

भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर मला आता देता येईल. साबरमतीसारखं इथं काही नाही रे बाबा. इथे वहीत तुझ्या पणजोबांची सही असू शकते, बंद दारासमोरून घाटावर आलेल्या माणसांची आठवण आहे, पूर मोजणारा मारुती आहे, वसईहून आलेली घंटा आहे, आणि पायाखाली पाच कुंडं आहेत ज्यांची नावं मी तुझ्याकडून पाठ करून घेणार आहे. घाण आहे का? आहे. पण घाण आहे म्हणून नदीकडे पाठ फिरवणाऱ्यांच्या गावात ती अजून वाढते, हे मी मोर्णेच्या काठी लहानपणीच बघितलंय.

तेव्हा पुढच्या वेळी नाशिकला याल तेव्हा एक सकाळ राखून ठेवा. मी बरोबर येईन. आणि जमलं तर बुधवारी या, पिशवी घेऊन. परत येताना गाजरं आणि मेथी आणायचीय.